निटुरे सरांची नजर

मल्लिकानं अहवाल जेवणाच्या टेबलावर उलटा ठेवला आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर मिठाची बरणी ठेवली. निटुरे सरांनी आयुष्याची पस्तीस वर्षं लातुरात गणित शिकवण्यात घालवली होती. उलट्या ठेवलेल्या कागदावर काय असतं हे त्यांना तो सुलटा करायच्या आधीच कळायचं.

"बघू दे की," ते म्हणाले.

"आई येऊ द्या, आजोबा. दोनदा बोलणी खायची ताकद नाही माझ्यात."

आई, म्हणजे सरांची लेक नीलांबिका, खाली दवाखान्यात कुणाची तरी अक्कलदाढ काढत होती. जावई समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामावर, सहा महिन्यांतून एकदा घरी यायचे आणि आल्यावर 'नीला म्हणेल ते' एवढंच बोलायचे. त्यामुळे घरातले निर्णय दोघीच घेत, एक नीला आणि दुसरी नीलाची लहर. सर स्वतःला यात धरत नसत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसानं चहा मिळतोय तोवर गप्प बसावं, असं त्यांचं मत होतं. ते अर्थात त्यांनी कधीच पाळलं नव्हतं.

नीला वर आली, हात धुतले, बरणी उचलली आणि उभ्यानंच वाचायला लागली. "जीवशास्त्र त्र्याण्णव. रसायन अठ्ठ्याऐंशी. हवामान चौऱ्याऐंशी. अगं, मग तोंड पाडून का बसलीस?"

"खाली वाच."

"गणित एक्केचाळीस." नीलानं खांदे उडवले. "मग गणित घ्यायचंच नाही. हाय काय त्यात?"

"मला गणितच घ्यायचंय," मल्लिका म्हणाली.

झालं. भाजी गार व्हायला लागली.

बारावीनंतरच्या प्रगत परीक्षांचे पेपर अकरा. त्यातले कुठलेही तीन घ्यायचे आणि त्या तिन्हींच्या गुणांवर कॉलेज मिळायचं. परीक्षा एकदाच देता यायची. पूर्वी या निवडीवरून घराघरांत रणं माजायची. आता माजत नसत, कारण चौदा वर्षांपूर्वी 'पूर्वगुण' आलं होतं.

यंत्राची कल्पना तशी सोपी होती. मूल काचेच्या पाटीपुढे बसतं आणि चाळीस मिनिटांत एका विषयाचे नऊ प्रश्न सोडवतं. उत्तर बरोबर की चूक याच्याशी यंत्राला फारसं देणंघेणं नसतं. ते बघतं डोळ्यांकडे आणि हाताकडे. नजर प्रश्नातल्या कुठल्या शब्दावर परत परत येते, पेन पहिल्यांदा कधी टेकतं, किती दाबानं, कुठे अडतं, काय खोडलं जातं, हे सगळं ते सेकंदाला दोनशे वेळा टिपतं. मग लाखो जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदींमधून अशीच नजर नि असाच हात असलेली मुलं शोधून काढतं. त्यांना पुढे परीक्षेत किती गुण पडले ते बघतं आणि सांगतं की बाळा, तुलाही साधारण तेवढेच पडतील. तीन गुण इकडे, तीन तिकडे. चौदा वर्षांत ते इतक्या वेळा खरं ठरलं होतं की आता कुणी वाद घालत नसे. ज्या विषयात पन्नासच्या आत भाकीत येई तो विषय मुलं आपोआप सोडून देत. कायदा म्हणून बंदी नव्हती. एक 'स्वजबाबदारी पत्र' असायचं. त्यावर आईनं किंवा वडिलांनी सही केली की भाकिताविरुद्धही पेपर देता यायचा. पण असं पत्र भरलेलं माणूस सरांनी अजून पाहिलं नव्हतं.

"तुला नेमकं काय शिकायचंय?" नीलानं विचारलं.

"माहीत आहे तुला. भूकंप."

तेही सरांचंच पाप. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी ते वीस वर्षांचे होते आणि त्या पहाटेची गोष्ट त्यांनी नातीला इतक्यांदा सांगितली होती की इतर पोरी भातुकली खेळायच्या वयात ही जमिनीला कान लावून पडून राहायची. शाळेत व्हरांड्यात कंपनं मोजायचं छोटं यंत्र बसवलं तेव्हापासून तिचं ठरलेलं होतं. जमिनीखालच्या लाटा वाचायच्या. आणि त्या अभ्यासक्रमाला गणितात साठ गुण सक्तीचे होते.

"आणि एक्केचाळीस पडले तर?" नीला म्हणाली. "भूकंपही गेला आणि जीवशास्त्राची जागाही गेली. हवामानाचे चौऱ्याऐंशी हातात आहेत ते सोडून एक्केचाळीस घ्यायचे? तिन्हीची बेरीज कोसळली की पुण्याच्या कॉलेजवर पाणी सोडायचं. मग काय करणारेस? इथं बसून माझ्या पेशंटच्या चिठ्ठ्या फाडणारेस?"

मल्लिका ताटातल्या भाकरीचे तुकडे करत राहिली.

"आप्पा, तुम्ही तरी सांगा तिला. तुमच्याइतकं यातलं कुणाला कळतं? उद्या पाच वाजता नोंदणी बंद व्हायलीय."

सर म्हणाले, "जेवा आधी." मग अहवाल घडी करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला.

*

सकाळी फिरायला निघताना तो खिशातच होता. सर रोजच्यासारखे क्लासच्या गल्लीनं गेले. तिला अजून क्लासची गल्लीच म्हणत, क्लास एकही उरला नव्हता तरी.

एके काळी इथे सकाळी सहाला पाय ठेवायला जागा नसायची. नांदेडहून, बीडहून, पार गडचिरोलीहून पोरं यायची. एकेका खोलीत चार-चार राहायची, खानावळीच्या डब्यातली पातळ आमटी पिऊन पाठांतर करायची. सायकलींच्या रांगा नाल्यापर्यंत जायच्या. झेरॉक्सवाल्याच्या मशीनचा उजेड खाली-वर होत असायचा. निकालाच्या दिवशी चौकाचौकांत पोरांचे फोटो लागायचे, इतके मोठे की त्यांच्या आयांना ते ओळखू यायचे नाहीत. पेढे तर असे वाटले जायचे की दुपारपर्यंत कुणाला बघवतही नसत. सरांना हे सगळं रोज आठवे. त्यात वाईट काय काय होतं हेही त्यांना ठाऊक होतं. रडून सुजलेली तोंडं त्यांनी कमी पाहिली नव्हती. पण तेव्हा गल्लीला आवाज होता. आता शिकवण्या कशाला हव्यात? जे आधीच येतं तेच घ्यायचं, म्हटल्यावर न येणारं शिकवणारा माणूस कुणाला लागतो! वसतिगृहांत बॅटऱ्यांची गोदामं झाली होती आणि सर दर सकाळी त्या बंद शटरांची जणू हजेरी घेत पुढे जात.

कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर बसून त्यांनी अहवालाचं दुसरं पान उघडलं. पहिल्या पानावर गुण असत, दुसऱ्यावर कारणं. कारणं कुणी वाचत नसे. डॉक्टरनं गोळ्या दिल्यावर त्यांच्या पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद कोण वाचतो?

गणितापुढे लिहिलं होतं: 'लेखणी-वर्तन: थांबते.' खाली तळटीप होती. 'लेखणी-वर्तनाचे चार वर्ग: धावते, चालते, अडखळते, थांबते.'

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शब्द तेच होते. धावते, चालते, अडखळते, थांबते.

ते शब्द त्यांचे होते.

दर जूनमध्ये नवी तुकडी आली की पहिल्या आठवड्यात ते फळ्यावर एकच गणित लिहीत, न शिकवलेलं. पोरं सोडवत असताना हात पाठीमागे बांधून बाकांमधून फिरत. वहीत डोकावायचे नाहीत, फक्त हात बघायचे. कुणाचं पेन धावतं, कुणाचं चालतं, कुणाचं अडखळतं. आणि काही पोरांचं पेन कागदाच्या वर तसंच थांबून राहतं, दोन मिनिटं, चार मिनिटं, बगळा पाण्याकडे बघत असतो तसं. प्रत्येक नावापुढे लांब वहीत एक शब्द. रविवारी 'थांबते'वाल्यांच्या आईबापांना बोलावणं जाई. सर चहा देत आणि हलक्या आवाजात सांगत, "पोरगं गुणी आहे, पण गणित सोडायला लावा त्याला. जीवशास्त्राला घाला. वर्ष वाचेल." लोक हात जोडून जात. यालाच गाव 'निटुरे सरांची नजर' म्हणायचं. सर मास्तर झाले ते गणितामुळे, पण मोठे झाले या नजरेमुळे.

आणि पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, सर निवृत्त झाल्यावर, काही तरुण मंडळी घरी आली होती. जुन्या शिक्षकांच्या नोंदी जमवत होती. पालकांच्या हट्टानं वर्गात बसवलेल्या कॅमेऱ्यांची चित्रणं त्यांना मिळाली होती, पण त्यातला कुठला हात कसला हे सांगणारं कुणीतरी हवं होतं. सरांनी अठ्ठावीस वह्या काढून दिल्या. शाल-श्रीफळ मिळालं, फोटो निघाला. सरांनी तो फोटो बरेच दिवस दिवाणखान्यात लावला होता.

'म्हणजे ही माझीच नजर,' सर स्वतःशी म्हणाले. क्षणभर, खरं सांगायचं तर, त्यांना बरं वाटलं. छाती थोडी फुगलीसुद्धा. आपण गेल्यावरही आपली नजर लाखो पोरांवरून फिरत राहणार, याचा अभिमान वाटणार नाही असा मास्तर अजून जन्माला यायचाय.

मग त्यांना नातीचा हात आठवला, आणि अभिमान जागच्या जागी बसला. मल्लिका लहानपणापासून गणित असंच करायची. वही उघडायची आणि नुसती बघत बसायची. सर घरात पेपर वाचत तिच्या पेनाची वाट बघायचे. मग एकदम ओळीखाली ओळ, न खोडता.

हे त्यांनी शंभरदा पाहिलं होतं आणि कधी कशाशी जोडलं नव्हतं.

*

पूर्वगुणचं केंद्र सरांच्या जुन्या क्लासच्याच इमारतीत होतं. फळा होता तिथे आता पडदा होता. केंद्र चालवणारा मोहसीन बागवान चाळिशीचा, शांत माणूस. सरांना बघून तो खुर्चीतून उठला.

"या सर. मल्लिकाचा अहवाल छान आलाय की."

"मोहसीन, मला एक बघून सांग. 'थांबते' वर्गातल्या किती पोरांनी आजवर गणिताचा पेपर दिलाय?"

"यंदा?"

"आजपर्यंत. सगळे मिळून."

मोहसीननं पडद्यावर बोटं फिरवली. "यंत्र आल्यापासून कुणीच नाही, सर. भाकीतच पन्नासच्या आत येतं म्हटल्यावर कोण बसणार? त्याआधीची, तुमच्या वह्यांतली जुनी दोनशे बारा मुलं आहेत. त्यातल्या सहा जणांनी पेपर दिलेला दिसायलाय."

"मग बाकीच्या दोनशे सहा जणांचे गुण कुठून आले?"

"आले नाहीत. त्यांनी विषय सोडला होता ना." मोहसीननं एक जुनी यादी उघडली, खाली-वर केली. "इथं त्यांना 'अनुत्तीर्ण' धरलंय. सोडला म्हणजे जमला नाही, असं मानून."

"मी सोडायला लावला म्हणून सोडला त्यांनी," सर म्हणाले. आवाज वर्गातला निघाला, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "मी म्हणालो जमणार नाही, त्यांनी सोडला. यंत्रानं बघितलं, सोडला म्हणजे जमला नाही. आता तेच यंत्र पोरांना सांगतंय जमणार नाही, आणि पोरं सोडायलीत. मग हे खोटं ठरणार कसं? कुणी बसेल तेव्हा ना!"

मोहसीननं यादीवरून बोट उचललं. त्याला ते कळलं होतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"त्या सहा जणांना किती पडले?"

"चौघांना साठच्या वर. दोघं नापास." मग त्यानं घाईनं जोडलं, "पण सर, सहा म्हणजे काहीच नाही. तुम्हीच शिकवलंय आम्हाला, सहा फेकींवरून नाण्याचा नियम काढायचा नाही. मल्लिकाला एक्केचाळीस पडणार नाहीत असं मी म्हणू शकत नाही. पडतील असंही आता म्हणवत नाही. तिच्याबद्दल यंत्राला काही माहीतच नाही, इतकंच खरं. मी वर कळवतो. पण ते दुरुस्त व्हायला वर्ष तरी जाईल."

"हिची नोंदणी आज पाचला बंद होते."

"हो."

सर निघाले, दारापर्यंत गेले आणि परत आले. "त्या दोनशे बारांत एक नाव बघ. नीलांबिका निटुरे."

मोहसीननं शोधलं नाही. "मॅडमचं नाव आहे, सर," तो हळूच म्हणाला. "मला आधीपासून माहीत आहे."

*

दवाखान्यात दुपारी गर्दी नसायची. नीला अवजारं तापवायच्या पेटीत लावत होती. सर पेशंटच्या आडव्या खुर्चीवर बसले, कारण दुसरी खुर्ची नव्हती. बोलायला सोयीचं वाटेना म्हणून उठून उभे राहिले.

"मल्लिकाला समजावलंत का?" नीलानं विचारलं.

"तिला नंतर. आधी तुला सांगायचंय."

त्यांनी सगळं सांगितलं. वह्या, चार शब्द, दोनशे बारा मुलं, सोडलेल्यांना नापास धरणं. नीला ऐकत होती, हात चालू होते. हे सगळं तिच्याबद्दल आहे हे तिच्या अजून लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि ती वाट बघत होती.

"तुझ्या नावापुढेही मी 'थांबते' लिहिलं होतं," सर म्हणाले. "अकरावीच्या पहिल्या आठवड्यात. स्वतःची पोर म्हणून वेगळा न्याय नको, असं मला वाटलं. फार तत्त्वाचा माणूस समजत होतो मी स्वतःला. त्या दिवशी तास संपला तेव्हा तुझा कागद कोराच होता. संध्याकाळी तू ते गणित सोडवून माझ्याकडे आली होतीस. आठवतंय? हॉलमध्ये परभणीचे पालक बसले होते. मी म्हणालो, ठेव तिथं, बघतो. ते मी कधी बघितलंच नाही, नीला. रविवारी तुझ्या आईला सांगितलं, हिला जीवशास्त्राला घालू. तुझं उत्तर बरोबर होतं की चूक, मला आजही माहीत नाही."

पेटीचं झाकण बंद झालं.

"बरोबर होतं," नीला म्हणाली.

सर तिच्याकडे बघत राहिले.

"मी दुसऱ्या दिवशी ताडून पाहिलं होतं. तुमच्या टेबलावरच्या वहीत उत्तर होतं. बरोबर होतं माझं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते, आप्पा?" तिचा आवाज चढला. "सगळं गाव म्हणायचं, सरांची नजर चुकत नाही. आईबाप आपली पोरं घेऊन तुमच्या पायाशी यायचे. मी सोळा वर्षांची. मला वाटलं, तुम्ही चुकणार नाही, म्हणजे माझंच उत्तर चुकून बरोबर आलं असेल." तिनं हातमोजे ओढून काढले आणि टोपलीत फेकले. "तीस वर्षं लोकांना सांगत आले, मला बाई गणित येत नाही. हसत हसत सांगत आले. बिल जास्त झालं की पेशंटला म्हणते, तुम्हीच बघा बेरीज, मला जमत नाही. आणि काल लेकीचा अहवाल वाचला तेव्हा मनात काय आलं माहीत आहे? माझ्यावर गेलीय बिचारी."

सरांना बोलायचं होतं. माफी मागायची होती. पस्तीस वर्षं हजारो पोरांपुढे बोललेल्या माणसाला एक वाक्य जुळेना. "चुकलं माझं, बाळ," एवढंच आलं, आणि डोळे भरून आले.

नीलानं त्यांना रडू दिलं. जवळ आली नाही, पण निघूनही गेली नाही, आणि बाहेर पेशंट येऊन थांबला तेव्हा त्याला 'अर्ध्या तासानं या' म्हणून परत पाठवलं.

साडेचारला तिघं वरच्या टेबलाशी बसले. पाटीवर स्वजबाबदारी पत्र उघडं होतं.

"मल्ली, इकडे बघ," नीला म्हणाली. "आजोबा म्हणतायत की यंत्राला तुझ्याबद्दल काही माहीत नाही. याचा अर्थ तुला साठ पडतील असा नाही. तुला काय वाटतं? पडतील?"

"माहीत नाही." मल्लिका आजोबांकडे न बघता म्हणाली. "सरावाचे पेपर सोडवलेत. कधी सत्तर पडतात, कधी पंचेचाळीस. मी हळू आहे, आई. वेळ पुरत नाही मला. पण सुटतं तेव्हा…" तिनं हातानं काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "नाही पडले तर मी दोष नाही देणार तुला. पण दिलाच नाही, तर मला कधी कळणारच नाही."

नीला पाटीकडे बघत बसली. पावणेपाच झाले. सरांच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या, ज्या त्यांनी हजार आयांना सांगितल्या होत्या. त्यांनी त्या गिळल्या. या टेबलावर त्यांच्या मताला काही किंमत असू नये, असं त्यांना पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

नीलानं सही केली. मग पाटी सरांकडे न देता पत्र थेट पाठवून दिलं.

*

गणिताच्या प्रगत पेपरला जिल्ह्यात एकशे तीस मुलं होती. एकशे एकोणतीस जणांची भाकितं नव्वदच्या आसपास होती आणि ती आपले ठरलेले गुण घेऊन यायला आल्यासारखी जांभया देत आत गेली. मल्लिकाचे हात गार पडले होते. नीलानं ते आपल्या हातात घेऊन चोळले आणि सोडले.

बाहेर फाटकाशी पालक म्हणून फक्त हे दोघंच होते. इतर कुणी कशाला थांबेल? ज्याचा निकाल घरी कपाटात आहे त्या परीक्षेची वाट बघत उन्हात कोण उभं राहतं? सर लिंबाच्या सावलीत पायरीवर बसले. पूर्वी या फाटकासमोर शे-दोनशे आईबाप असत. कुणी पोथी वाचत असे, कुणी डबा सांभाळत असे, अनोळखी बाया एकमेकींना पाणी देत. सर तेव्हा त्यांच्यातून घाईघाईनं जायचे, लोक उठून नमस्कार करायचे. त्या लोकांचं तिथं काय चाललेलं असायचं हे त्यांना आज समजत होतं. तीन तास म्हणजे केवढे असतात, हेही.

नीला तीन तासांत चारदा बोलली. दोनदा पाणी हवंय का म्हणून, एकदा ऊन फार आहे म्हणून, आणि एकदा म्हणाली, "तुमच्यावरचा राग गेलेला नाही माझा."

"जाऊ नये," सर म्हणाले.

एक वाजता घंटा झाली. मुलं बाहेर आली आणि फोन बघत पांगली. मल्लिका सगळ्यांत शेवटी आली. केस विस्कटलेले, बोटांना शाई, चेहरा असा की त्यावरून काहीच ओळखू येईना. सरांनी ओळखायचा प्रयत्न केला आणि सवय मोडून नजर खाली वळवली.

नीला पुढे झाली. "कसा गेला?"

हा प्रश्न या फाटकाशी चौदा वर्षांत कुणी विचारला नव्हता. मल्लिकालासुद्धा तो कळायला एक क्षण लागला. मग ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

"कळत नाही, आई. खरंच कळत नाही. सहा पूर्ण सुटले. दोन अर्धे राहिले, वेळच संपला. चौथा मात्र असला भारी होता ना! आधी वाटतं की काहीच दिलेलं नाही, आणि मग एकदम…"

"थांब," नीला म्हणाली. "सांगू नको."

"का?"

"प्रश्नपत्रिका आण इकडे. आणि पेन दे."

ती साडी सावरून पायरीवर बसली, सरांपासून हातभर अंतरावर. प्रश्नपत्रिका गुडघ्यावर पसरली आणि चौथा प्रश्न वाचायला लागली. वाचून झाला तरी पेन कागदाला टेकलं नाही.

"आई, दवाखाना उघडायचाय. दोनचा पेशंट आहे तुझा."

"थांबेल तो," नीला मान वर न करता म्हणाली.

सरांनी मल्लिकाला खूण करून आपल्या शेजारी बसायला जागा दिली. फाटकाचा शिपाई कुलूप घेऊन आला, या तिघांकडे बघून जरा घुटमळला आणि दुसऱ्या फाटकाकडे गेला. सावली सरकून सरांच्या पायांवर ऊन आलं. ते हलले नाहीत.